ग्रोथ हॉर्मोनच्या इंजेक्शनाने चरबी घटते, मग वजन का घटत नाही?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ४४ वर्षांचा आहे आणि त्याचे वजन ९६ किलो आहे. चरबी मुख्यतः पोटावर आहे. तो ज्या व्यायामशाळेत जातो तेथील प्रशिक्षकाने त्याला ह्यूमन ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शने तीन महिने घेण्याचा सल्ला दिला आहे. त्याआधी त्याचे रक्त तपासून घेतले आणि अहवालात या हॉर्मोनचे प्रमाण जवळजवळ शून्य आले. "वय वाढले की हे हॉर्मोन आटते, म्हणून पोट सुटते. ते भरून काढले की पोट जाते," असे त्याला समजावण्यात आले आहे. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटते, आणि भावाला ते पटलेही आहे.

माझा कल विरोधाचा आहे, पण केवळ मोठा भाऊ म्हणून नको म्हटले तर तो ऐकणार नाही आणि त्याने ऐकावे अशी माझी अपेक्षाही नाही. त्याच्यासमोर ठेवता येईल असे काही ठोस हवे आहे. या हॉर्मोनने चरबी खरोखर घटते का? वजन घटते का? आणि त्या अहवालातल्या शून्याचा अर्थ नेमका काय?

शतपावली

हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. त्यामुळे चिठ्ठी कोण देणार आणि कोणत्या आजारासाठी देणार, हे भावाने आधी विचारावे.

तळजाई

मी गेली अनेक वर्षे नियमित वजने उचलतो. स्वतः हे औषध घेतलेले नाही, पण घेणारे जवळून पाहिले आहेत. त्यामुळे "हे सगळे थोतांड आहे" असा सूर येथे लागण्याआधी एक गोष्ट नोंदवतो. चरबी घटते, विशेषतः पोटावरची, आणि ते उघड्या डोळ्यांना दिसते. १९९० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकात वृद्ध पुरुषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता आणि त्यातही चरबी घटल्याचेच दिसले होते. धोके आहेतच, ते कोणी नाकारत नाही. मात्र परिणामच होत नाही असे सांगितले, तर व्यायामशाळेतला कोणताही मुलगा आपल्यावर विश्वास ठेवणार नाही, कारण त्याने परिणाम पाहिलेला असतो.

प्रयोगशाळा

तळजाई यांचे म्हणणे जीवरसायनाच्या दृष्टीने बरोबर आहे, म्हणून ही क्रिया घडते कशी ते आधी मांडतो.

ग्रोथ हॉर्मोन हे १९१ अमिनो आम्लांचे प्रथिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवते. त्याची कामे साधारण दोन प्रकारची आहेत. यकृताला ते आयजीएफ-१ नावाचा दुसरा घटक तयार करायला लावते आणि हाडांची व स्नायूंची वाढ बऱ्याच अंशी त्याच्यामार्फत होते. चरबीवर मात्र ते थेट काम करते. मेदपेशींवर त्याचा संदेश ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ते उद्दीपित झाले की साठवलेल्या मेदाचे विघटन वाढते आणि मुक्त मेदाम्ले रक्तात उतरतात. हा परिणाम इंजेक्शन दिल्याबरोबर दिसत नाही, त्याला दोन-तीन तास लागतात. त्याच वेळी रक्तातला मेद पेशीत ओढून घेणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) मेदपेशींत मंदावते, म्हणजे साठा बाहेर पडतो आणि नव्याने भरण्याची गतीही कमी होते.

आता याची दुसरी बाजू. स्नायूंना एवढी मेदाम्ले जाळायला मिळाली की ते ग्लुकोज कमी घेतात, आणि यकृत ग्लुकोज बाहेर सोडतच राहते. म्हणजे हे हॉर्मोन इन्शुलिनच्या विरोधात काम करते. शरीराच्या दृष्टीने यात शहाणपण आहे. उपासमारीच्या काळात साठवलेला मेद जळावा, स्नायूंचे प्रथिन वाचावे आणि मेंदूसाठी ग्लुकोज शिल्लक राहावे, अशी ही योजना आहे. परंतु भरपेट जेवणाऱ्या आणि आधीच पोट सुटलेल्या माणसात बाहेरून हे हॉर्मोन घातले, तर मेदाचे विघटन आणि वाढती साखर या दोन गोष्टी एकत्रच येतात. एक ठेवून दुसरी टाळता येत नाही, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे.

अंतःस्राव

मी अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. तळजाई यांनी ज्या अभ्यासाचा उल्लेख केला तो डॉ. डॅनियल रुडमन यांचा. त्याचे आकडे येथे देतो, कारण जगभरच्या जाहिरातींनी त्यातले अर्धेच उचललेले आहेत.

६१ ते ८१ वयाचे, आयजीएफ-१ कमी असलेले पुरुष त्यात घेतले होते. त्यांपैकी १२ जणांना आठवड्यातून तीन वेळा याप्रमाणे सहा महिने इंजेक्शने दिली आणि ९ जणांना काहीच दिले नाही. औषध घेतलेल्यांत चरबी १४.४ टक्के घटली आणि चरबीविरहित वस्तुमान ८.८ टक्के वाढले. हे आकडे खरे आहेत. मात्र दोन्ही बदलांची गोळाबेरीज करून काट्यावर उभे राहिले, तर वजनात अर्थपूर्ण फरक नव्हता. तुलनेच्या गटाला खोटे इंजेक्शनही दिलेले नव्हते, त्यामुळे कोण औषधावर आहे हे सर्वांनाच ठाऊक होते. या अभ्यासाचा जाहिरातींत इतका गैरवापर झाला, की त्याच नियतकालिकाला २००३ साली त्याविषयी संपादकीय इशारा द्यावा लागला.

पुढे १९९६ मध्ये ६९ वर्षांवरील निरोगी पुरुषांवर अधिक काटेकोर चाचणी झाली. तेथेही चरबी सुमारे १३ टक्के घटली आणि चरबीविरहित वस्तुमान ४ टक्क्यांहून थोडे अधिक वाढले, पण त्या माणसांची दैनंदिन कामे करण्याची क्षमता सुधारली नाही. २००७ साली निरोगी वृद्धांवरील सर्व चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. औषध घेतलेले २२० जण त्यात होते. निष्कर्ष असा, की चरबी सरासरी २.१ किलो कमी, चरबीविरहित वस्तुमान २.१ किलो जास्त, आणि वजन जागच्या जागी. स्थूल व्यक्तींवरच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २००९ साली आले. त्यात चरबीतली घट जेमतेम एक किलो होती आणि वजन तेवढेच राहिले.

तळजाई

डॉक्टर, आकड्यांबद्दल आभार. पण मग वजन हा मुद्दाच गौण ठरत नाही का? दोन किलो चरबी जाऊन त्या जागी दोन किलो स्नायू आले, तर काटा हलला नाही म्हणून निराश होण्याचे कारण काय? आम्ही नवशिक्यांना नेहमी हेच सांगतो, की काट्याकडे पाहू नका, कमरेचा घेर पाहा.

अंतःस्राव

हा प्रश्न चांगला आहे. माझ्या मते संपूर्ण विषयाची मेख याच ठिकाणी आहे.

"चरबीविरहित वस्तुमान" म्हणजे स्नायू नव्हे. शरीरात चरबी सोडून जे काही आहे ते सगळे त्यात मोजले जाते, आणि त्यात पाणीही आले. ग्रोथ हॉर्मोनमुळे मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवतात आणि त्याबरोबर पाणीही धरून ठेवतात. डेक्सा या क्ष-किरणांनी शरीराची घडण मोजणाऱ्या तपासणीत हे पाणी चरबीविरहित वस्तुमान म्हणून नोंदले जाते. ऊर्जेच्या हिशेबानेही हेच दिसते. मेदाच्या एका किलोत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात, म्हणून चरबी खरोखर घटलेली असते तेव्हा ऊर्जाही खर्च झालेली असते. तरीही काटा स्थिर राहतो, कारण निघून गेलेल्या मेदाच्या वजनाची जागा मोठ्या प्रमाणात पाण्याने घेतलेली असते. हे पाणी निरुपद्रवी नसते. पायांवर सूज, सांधेदुखी, मनगटातली मज्जातंतू दाबली गेल्याने बोटांना येणाऱ्या मुंग्या या याच्या नेहमीच्या तक्रारी आहेत. काही पुरुषांत स्तनांची वाढही होते.

आणि मुख्य गोष्ट अशी, की वस्तुमान वाढूनही ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. तुमच्या शिष्यांची कंबर व्यायामाने घटते तेव्हा त्यांचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसादही सुधारतो. या औषधाने घटते तेव्हा, निदान सुरुवातीच्या महिन्यांत, तो बिघडण्याची शक्यता असते. कमरेचा घेर दोन्हीकडे सारखा मोजला, म्हणून आतली स्थिती सारखी ठरत नाही. ४४ वर्षांच्या, ९६ किलोच्या माणसात मधुमेहाचा उंबरठा बहुधा फार दूर नसतो. त्याला तिकडे ढकलण्याचा मोबदला एक किलो चरबीची घट असेल, तर तो व्यवहार मला मान्य नाही.

लेकुरवाळी

मला येथे काहीसे तळमळून लिहावे लागत आहे. माझ्या मुलाला ग्रोथ हॉर्मोनची जन्मजात कमतरता आहे. निदान झाले तेव्हा तो वर्गात सर्वांत बुटका होता, आणि गाल व पोट मात्र गुबगुबीत. "खात्यापित्या घरचा आहे" असे नातेवाईक म्हणायचे. उपचार सुरू झाल्यावर उंचीच्या आधी त्याच्या पोटाची गोलाई कमी होऊ लागली. डॉक्टरांनी हे आम्हाला आधीच सांगितले होते.

माझे म्हणणे इतकेच, की या औषधाविषयी बोलताना ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांचा विसर पडू नये. औषध रोज रात्री टोचावे लागते आणि खर्च मोठा आहे. वर "मुलाला स्टिरॉइड देता का?" असे विचारणारेही भेटतात. हे स्टिरॉइड नाही, प्रथिन आहे, हे मी कितीदा समजावले असेल! व्यायामशाळांतल्या गैरवापरामुळे या मुलांच्या औषधाकडे संशयाने पाहिले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

टोरांटोकर

लेकुरवाळी यांच्याशी पूर्ण सहमत. माझ्या पीयूषिका ग्रंथीवर गाठीमुळे शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर ग्रंथीचे बरेचसे काम थांबले. थायरॉइड आणि कॉर्टिसॉलच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या, पण तरीही थकवा जाईना आणि आहारात बदल नसताना पोट वाढत राहिले. रीतसर चाचण्यांनंतर ग्रोथ हॉर्मोन सुरू झाले, तेही अगदी लहान मात्रेत, आणि आयजीएफ-१ तपासत ती हळूहळू वाढवली गेली. पोट कमी झाले, जिना चढताना लागणारा दम कमी झाला. वजन मात्र माझेही फारसे बदलले नाही, हे या धाग्याच्या शीर्षकाच्या संदर्भात मुद्दाम सांगतो.

अंतःस्राव

टोरांटोकर यांचा अनुभव वैद्यकीय नोंदींशी जुळतो. प्रौढांमधील खऱ्या कमतरतेवरची एक पहिली मोठी चाचणी १९८९ साली इंग्लंडमध्ये झाली. २४ रुग्ण होते. सहा महिन्यांत चरबी सुमारे साडेपाच किलोंनी घटली आणि चरबीविरहित वस्तुमान जवळपास तेवढेच वाढले. म्हणजे जिथे हे औषध सर्वांत परिणामकारक ठरते, तिथेही ते वजन कमी करणारे औषध नाही. शरीराची घडण ते पूर्ववत करते.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. ॲक्रोमेगली या आजारात गाठीमुळे ग्रोथ हॉर्मोन वर्षानुवर्षे जास्त स्रवते. अशा रुग्णांत चरबी कमी असते, तरीही मधुमेह, रक्तदाब आणि हृदयाचे विकार त्यांच्यात जास्त आढळतात. गाठ काढली की चरबी वाढते आणि साखर सुधारते. कमी चरबी म्हणजे चांगले आरोग्य हे समीकरण येथे लागू पडत नाही.

रानजाई

थोडे अवांतर वाटेल, पण विषयाला धरून आहे. माझ्या ओळखीच्या एका ताईंना "वजनासाठी हॉर्मोनची इंजेक्शने" दिली गेली. त्या त्यांना एचजीएच, म्हणजे ह्यूमन ग्रोथ हॉर्मोन, समजत होत्या, परंतु कुपीवर एचसीजी लिहिलेले होते. ही दोन वेगळी हॉर्मोन्स आहेत. एचसीजी गर्भारपणात वारेतून स्रवते. ते स्थूलतेवर देण्याची पद्धत डॉ. ए. टी. डब्ल्यू. सिमिअन्स यांनी १९५४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्याआधी ते मुंबईत अनेक वर्षे वैद्यकीय काम करत होते. इंजेक्शनाबरोबर दिवसाला फक्त ५०० कॅलरींचा आहार असे. पुढच्या नियंत्रित चाचण्यांत मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेतलेल्यांचे वजनही तितकेच घटले. म्हणजे काम उपासाचे होते. नावातल्या साम्यामुळे होणारी गल्लत टाळण्यासाठी भावाने कुपीवरचे नाव जरूर वाचावे.

शतपावली

उपासाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. सोळा तास उपाशी राहिल्याने ग्रोथ हॉर्मोन अनेक पटींनी वाढते आणि म्हणून चरबी जळते, असे संदेश सतत येतात. मग इंजेक्शनाऐवजी उपासच का करू नये?

प्रयोगशाळा

उपासात हे हॉर्मोन वाढते हे खरे आहे. दोन दिवसांच्या संपूर्ण उपासाने निरोगी पुरुषांत त्याचा स्राव सुमारे पाच पटींनी वाढल्याचे १९९० च्या दशकातील संशोधनात दिसले. परंतु कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करू नये. उपासात वजन घटते ते ऊर्जा कमी मिळते म्हणून. हॉर्मोन वाढते ते त्या तुटवड्याला दिलेला प्रतिसाद म्हणून. शिवाय उपासात इन्शुलिन खाली असते आणि आयजीएफ-१ देखील उतरते. जेवणाऱ्या माणसाला दिलेल्या इंजेक्शनाची स्थिती अगदी वेगळी असते.

याच ओघात बाजारातील पर्यायांविषयीही लिहितो, कारण इंजेक्शन नाकारले की पुढे तेच सुचवले जातात. तोंडात मारायचे फवारे आणि गोळ्या यांत खरे ग्रोथ हॉर्मोन असले, तरी ते पोटात पचून जाईल. आयब्युटामोरेन नावाची गोळी मात्र वेगळी आहे. भुकेच्या घ्रेलिन या संदेशवाहकाची नक्कल करून ती शरीराचे स्वतःचे ग्रोथ हॉर्मोन वाढवते. निरोगी वृद्धांवर तिची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. चरबीविरहित वस्तुमान थोडे वाढले, एकूण चरबी घटली नाही, भूक वाढली, वजन वाढले आणि इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद खालावला. चरबी घटवण्यासाठी ती विकली जाते हे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते.

ऑस्ट्रेलियातील एका कंपनीने ग्रोथ हॉर्मोनचा शेवटचा तुकडा, म्हणजे १७७ ते १९१ क्रमांकांची अमिनो आम्ले, वेगळा काढून केवळ चरबी घटवणारे औषध करण्याचा प्रयत्न केला. कल्पना सुंदर होती, साखर न वाढवता मेद घटवण्याची. पण २००७ मध्ये चाचणीत पुरेसा परिणाम न दिसल्याने स्थूलतेसाठीचा तो विकास थांबवण्यात आला. तोच तुकडा आज एओडी-९६०४ या नावाने इंटरनेटवर विकला जातो.

तळजाई

एओडीची ही पार्श्वभूमी मला माहीत नव्हती. पण पोटाच्या चरबीसाठी टेसामोरेलिन नावाचे औषध अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे ना? मग तत्त्व मान्य झालेच, नाही का?

अंतःस्राव

मान्यता आहे, २०१० पासून, पण एकाच कारणासाठी. एचआयव्हीच्या उपचारांदरम्यान काही रुग्णांत हातापायांची चरबी झडते आणि पोटाच्या आत साठते. त्या आतल्या चरबीसाठी हे औषध आहे. ते पीयूषिका ग्रंथीला ग्रोथ हॉर्मोन सोडायला सांगते. सहा महिन्यांत आतली चरबी सुमारे १५ टक्के घटते. वजन घटवण्यासाठी ते नाही, असे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेले आहे. औषध थांबवल्यावर चरबी परत येते. म्हणून तीन महिन्यांचा "कोर्स" ही कल्पनाच मुळात टिकत नाही. तीन महिन्यांत जे मिळेल ते त्यानंतर राहील, असे मानायला आधार नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाऊ हा धागा वाचत आहे. चरबी घटते पण वजन घटत नाही, हे त्याला आता समजले आहे. तळजाई यांनी सुरुवातीलाच "परिणाम होतो" असे प्रामाणिकपणे लिहिले, त्यामुळे पुढचे सगळे त्याने वाचले. त्याचा एकच प्रश्न उरला आहे. अहवालात हॉर्मोन शून्याजवळ आहे, मग आपल्याला कमतरता नाही हे कशावरून?

अंतःस्राव

हा अहवाल निदानासाठी उपयोगाचा नाही. ग्रोथ हॉर्मोन दिवसभर संथपणे वाहत नाही, ते झटक्यांनी स्रवते, आणि सर्वांत मोठा झटका रात्री गाढ झोप लागल्यानंतर पहिल्या काही तासांत येतो. रक्तात ते काही मिनिटांतच अर्धे होते. दोन झटक्यांच्या मध्ये रक्त घेतले, तर धडधाकट माणसातही ते जवळजवळ शून्य दिसते. म्हणून आम्ही इन्शुलिन, ग्लुकागॉन यांसारखे औषध देऊन ग्रंथीला उद्दीपित करतो आणि ठरावीक वेळाने रक्ताचे नमुने घेतो. इन्शुलिनची चाचणी रुग्णालयात देखरेखीखालीच करतात, कारण तिच्यात साखर मुद्दाम उतरवली जाते.

त्यातही स्थूल व्यक्तीत एक अडचण असते. पोटाची चरबी वाढली की ग्रंथी निरोगी असूनही ग्रोथ हॉर्मोनचा स्राव कमी होतो, आणि वजन घटले की तो बऱ्याच अंशी पूर्ववत होतो. म्हणजे प्रशिक्षकाने कार्यकारण उलटे सांगितले आहे. भावाचे हॉर्मोन कमी असलेच, तर ते बहुधा पोटामुळे कमी आहे. म्हणूनच स्थूल व्यक्तींत उद्दीपन चाचणीचा निर्णय देताना वजनाप्रमाणे वेगळी मर्यादा धरावी लागते, अन्यथा निरोगी माणूस रुग्ण ठरतो. डोक्याला गंभीर मार, मेंदूच्या तळाची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, ग्रंथीची इतर हॉर्मोन्स कमी असणे, असा काही इतिहास असेल तरच ही चाचणी करण्यात अर्थ आहे.

त्याने खर्च करायचाच असेल, तर उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखरेची चाचणी), रक्तातील मेद, यकृताच्या चाचण्या आणि थायरॉइड यांवर करावा. तो घोरतो का आणि दिवसा पेंगतो का, हेही डॉक्टरांना सांगावे. झोपेत श्वास अडकण्याचा विकार या वजनाला पुष्कळदा असतो आणि त्याचे निदान राहून जाते.

लेकुरवाळी

घोरण्यावरून आठवले. प्रेडर-विली या जनुकीय आजारात मुले अतिशय स्थूल होतात आणि त्यांना ग्रोथ हॉर्मोन दिले जाते. पण वजन फार जास्त असेल किंवा श्वासमार्गात अडथळा असेल, तर ते देत नाहीत, कारण अशा मुलांत मृत्यू झालेले आहेत. आमच्या रुग्णालयातील पालकांच्या बैठकीत हे डॉक्टरांनी फार गांभीर्याने सांगितले होते.

तळजाई

माझ्याकडून एक व्यावहारिक बाब. हे औषध साधारणपणे बनवल्यापासून २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. व्यायामशाळेच्या कपाटातून किंवा कुरिअरच्या पाकिटातून आलेल्या कुपीत काय आहे आणि त्यातले किती शाबूत आहे, हे कोणीच सांगू शकत नाही. बनावट मालही पुष्कळ फिरतो. भाऊ एखाद्या स्पर्धेत उतरणार असेल, तर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत हे औषध बंदी असलेले आहे, हेही त्याला सांगा. डॉक्टरांचे पाण्याविषयीचे स्पष्टीकरण मी आमच्या मुलांना शब्दशः वाचून दाखवणार आहे.

कृष्णाकाठ

भावाने प्रशिक्षकाला नकार कळवला आहे. तो घोरतो, आणि मोठ्याने घोरतो. पुढच्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे रक्ताच्या चाचण्यांसाठी जात आहोत. झोपेची तपासणी कोठे करतात आणि तिच्यासाठी रात्रभर रुग्णालयात राहावे लागते का?

अंतःस्राव

कान-नाक-घसातज्ज्ञ किंवा छातीविकारतज्ज्ञ ती करवून देतात. बऱ्याच ठिकाणी आता उपकरण घरी देतात आणि रात्रभर लावून सकाळी परत करायचे असते. त्याआधी नेहमीच्या डॉक्टरांकडे मानेचा घेर आणि रक्तदाब मोजून घ्या.